नाटकाची नक्कल पाठ होते, मग कादंबरी का नको?

या महिन्यात तीन पत्रं एकाच विषयावर आलीत, मुलांनी क्लासिक म्हणजे जुनी गाजलेली पुस्तकं वाचण्यावर, म्हणून तिन्ही एकत्र घेतेय. पहिल्या पत्राला उत्तर जरा लांबलंय, पण तो प्रश्न आपल्या गोव्यातल्या बऱ्याच घरांचा आहे त्यामुळे हात आखडता घेतला नाही.

प्रश्न: ताई, आम्ही डिचोलीजवळच्या एका गावात राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. माझ्या सासऱ्यांनी जमवलेली मराठी पुस्तकं घरात कपाटभर आहेत, 'बनगरवाडी', 'स्वामी', 'मृत्युंजय', सगळं. मी त्याच्या वयाची असताना जेवायचं सोडून वाचायचे, हा पुस्तक हातात पण घेत नाही. सुट्टीत मी नियम केला, रोज दहा पानं वाचायची आणि मग मला गोष्ट सांगायची. आठ दिवस कसेबसे गेले, नंतर नुसती भांडणं. "आई, म्हाका बोर जाता" हे एकच उत्तर. मोबाईल काढून घेतला तर छताकडे बघत पडून राहिला पण पुस्तक उघडलं नाही. आणि हाच मुलगा, गावच्या जत्रेच्या नाटकात काम मिळालं तर वीस पानांची नक्कल, म्हणजे त्याच्या भूमिकेची लिहून दिलेली वाक्यं, पंधरा दिवसांत पाठ करून मोकळा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग कादंबरीच का नको? माझं काय चुकतंय? (एक आई, डिचोली तालुका)

उत्तर: अहो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय, त्या नक्कलेच्या ओळीत. पण आधी दुसरी एक गोष्ट सांगते.

आपल्याकडे मुलांचं काय होतं बघा. चौथीपर्यंत सरकारी प्राथमिक शाळेत मराठी नाहीतर कोकणी, आणि पाचवीला हायस्कूलात गेलं की गणित, सायन्स, इतिहास सगळं इंग्लिशमध्ये. मराठी उरतं ते एका विषयापुरतं, प्रश्नोत्तरं आणि निबंधापुरतं. म्हणजे मुलगा पंधरा वर्षांचा झाला, त्याचं डोकं पंधरा वर्षांचं झालं, पण मराठी वाचायचा वेग चौथीत होता तिथेच राहिला. आता अशा मुलाच्या हातात तुम्ही 'स्वामी' देता. एक लांब वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते, जोडाक्षरं आली की जीभ अडते, दोन पानं वाचायला अर्धा तास लागतो, आणि एवढं करून गोष्ट काही हाताला लागत नाही. कंटाळा येणार नाही तर काय होणार. आणि आईसमोर "मला वाचायला वेळ लागतो" म्हणायची त्या वयात लाज वाटते, त्यापेक्षा बोर होतं म्हणणं सोपं. तुमचा मुलगा आळशी आहे असं मला अजिबात वाटत नाही. मला वाटतं तो अडलाय आणि कुणाला सांगत नाहीये.

पण त्याचा कान अडलेला नाही, हे लक्षात घ्या! आपली मुलं मांडीवर असल्यापासून जत्रेची नाटकं बघतात, भजनं ऐकतात, दशावतारात पहाटेपर्यंत जागतात. पुस्तकी मराठी, अगदी जड पौराणिक मराठी, त्यांनी कानाने भरपूर घेतलेली असते. म्हणून तर नक्कल पाठ होते. आणि ती होते कशी तेही बघा, तालमीला दहा माणसं गोळा झालेली असतात, एकाचं वाक्य संपलं की दुसऱ्याने उचलायचं, चुकलं तर कुणीतरी तिथल्या तिथे सांगतो, कुणी मार्क देत नाही. तिथे शब्दाला आवाज आहे आणि सोबत आहे. कादंबरी देताना आपण दोन्ही काढून घेतो आणि म्हणतो जा, एकटा बस, तोंड मिटून वाच, आणि परत येऊन काय कळलं ते सांग.

माझ्या घरचंच सांगते. चारेक वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जुलै महिना, बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही, आणि त्यांना वाचायला बंदी. त्या वाचल्याशिवाय राहू न शकणाऱ्या, म्हणून रात्री जेवणं झाली की मी सोप्यावर बसून त्यांना 'बनगरवाडी' वाचून दाखवायला लागले. माझा भाचा तेव्हा नववीत होता, शाळा जवळ म्हणून आमच्याकडे राहायचा. हा दाराजवळ, पाय भिंतीला लावून, मोबाईलवर. पहिल्या दिवशी कानात ते इअरफोनचे बोंडले. दुसऱ्या दिवशी एकच बोंडला कानात होता, ते मी बघितलं पण बोलले काही नाही. तिसऱ्या दिवशी शेकूचा तो भाग आला, बैल एकच आहे आणि दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते. तिथे सासूबाई म्हणाल्या पुरे आज, डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली. मी पुस्तक मिटलं तर दारातून आवाज, "मागीर? मागीर कितें जालें?"

मी म्हटलं, उद्या.

रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरातला दिवा चालू. हा ओट्याला टेकून उभा, पुस्तक उघडं, आणि बोट ओळीखालून सरकवत हळूहळू वाचत होता, ओठ हलवत, अगदी पहिलीतली पोरं वाचतात तसं. मी तशीच मागे फिरले. तेव्हा मी काही बोलले असते, अगदी "वा, शाबास" एवढं जरी म्हटलं असतं ना, तर त्याने पुस्तक तिथेच ठेवलं असतं याची मला खात्री आहे. दुसऱ्या दिवशी रात्री मी वाचायला बसले तर म्हणाला, मामी मी वाचतो, तू आजीला थेंब घाल. अडखळत वाचलं. 'घोंगडं' त्याला माहीत, पण 'हुरडा' माहीत नाही, माणदेशातला तो कोरडा उघडा माळ तर त्याच्या डोळ्यांसमोर येईचना. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या पोराने दुष्काळ बघितलेलाच नाही. विचारायचा, पाऊस नाही म्हणजे बावडी आटते तशी नदी पण आटते? सासूबाईंनी मग आपल्या सत्तरी-काणकोणकडच्या गवळी-धनगरांच्या आठवणी सांगितल्या, त्यांची गुरं आणि रानातल्या वाड्या, ते एक वेगळंच पुराण झालं. पुस्तक संपायला तीन आठवडे लागले, सव्वाशे-दीडशे पानांचं पुस्तक. लागू देत की!

तर आता तुम्ही काय करायचं. तो दहा पानांचा नियम आजच रद्द करा आणि रद्द केलाय असं त्याला स्पष्ट सांगा. गोष्ट सांगायला लावणं तर पूर्ण बंद, "यातून काय शिकलास" हा प्रश्न पण नको, पुस्तक हे शिक्षणाचं साधन आहे असा वास जरी आला तरी या वयाची मुलं उठून जातात. मोबाईल काढून घेऊन पुस्तक देणं हेही सोडा. त्याने पुस्तक म्हणजे शिक्षा असं डोक्यात पक्कं बसतं आणि ते पुढे कित्येक वर्षं निघत नाही.

त्याऐवजी तुम्ही स्वतः मोठ्याने वाचायला लागा. त्याच्यासाठी नाही, घरातल्या दुसऱ्या कुणासाठी तरी, सासरे असतील तर त्यांच्यासाठी, नवऱ्याला वाचून दाखवा, धाकटं कुणी असेल तर त्याला. वीस मिनिटं, रोज एकाच वेळी. त्याला बोलवू नका. आणि थांबायचं कुठे हे आधी ठरवून ठेवा, प्रकरण संपतं तिथे नाही, गोष्ट अडकते तिथे. ही काही माझी युक्ती नाही. कादंबरी मुळात अशीच वाढलीय. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' पहिल्यांदा पुस्तक म्हणून आली नाही, १८९० पासून त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात तुकड्यातुकड्याने आली, पुढच्या अंकाची लोक वाट बघायचे, आणि एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं ही घराघरातली रीतच होती. आणि 'श्यामची आई'त प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही, रात्र पहिली, रात्र दुसरी अशा बेचाळीस रात्री आहेत, कारण श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना गोष्ट सांगतोय. आज आपण ज्यांना क्लासिक म्हणून कपाटात उभं करून ठेवलंय त्यातल्या कितीतरी गोष्टी मुळात ऐकण्यासाठी, वाट बघण्यासाठीच होत्या. (तुमच्या मुलाला मात्र सुरुवातीला 'श्यामची आई' नका देऊ. पुस्तक फार मोलाचं आहे, पण संस्कारांचं पुस्तक म्हणून ते इतक्या वेळा त्याच्यासमोर आलं असेल की नाव ऐकूनच तो दूर होईल. एकवीस-बाविसाव्या वर्षी घर सोडून कुठे नोकरीला गेला की मग बघा कसं वाचतो.)

कुठलं पुस्तक? तुमच्या कपाटातून मी दोन काढेन. एक 'बनगरवाडी', १९५५ सालचं, वाक्यं छोटी, पोरसवदा मास्तर अनोळखी गावात येतो आणि शाळेत पोरंच नाहीत, मेंढरांमागे गेलीत, इथपासून पंधरा वर्षांच्या मुलाला धरायला काहीतरी मिळतं. आणि दुसरं 'मृत्युंजय', पण वेगळ्या पद्धतीने. ते जाड आहे, जाडी बघूनच तो नाही म्हणेल. पण ती कादंबरी लिहिलीय कशी हे तुम्हाला माहीतच आहे, कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण, सहा जण आपापल्या तोंडाने आपली बाजू सांगतात. नाटकात काम करणाऱ्या मुलाला याहून काय पाहिजे? त्याला कादंबरी म्हणून देऊच नका. दुर्योधनाची चार पानं काढा आणि म्हणा, ही नक्कल म्हणून वाचून दाखव बघू, तुझ्या आवाजात कशी वाटते. त्याला ती आवडली तर तो दुर्योधनाचं सगळं वाचेल, मग कर्ण काय म्हणतो ते बघायला मागे जाईल. मधली शंभर पानं सोडली तरी बिघडत नाही, परत येतो माणूस. 'स्वामी'ला थोडं थांबा, त्यातलं दरबारी वातावरण आणि भाषा सुंदर आहे पण अडखळणाऱ्याला ती आधी जड जाते.

वाचताना शब्द अडला तर अर्थ सांगून पुढे जा, डिक्शनरी उघडायला लावू नका. पुस्तक अर्ध्यावर सोडलं तर सोडू द्या. आणि तो स्वतः वाचताना दिसला तर... मी केलं तेच, मागे फिरा.

एक मात्र तपासा. इंग्लिश वाचतानाही तो तसाच अडतो का, अक्षरांची अदलाबदल होते का, फळ्यावरचं उतरवताना चुकतो का? तसं असेल तर शाळेत टीचरना भेटा आणि तज्ज्ञाकडून बघून घ्या. काही मुलांना वाचनातच खरी अडचण असते, त्यांना योग्य मदत लागते, रागावून काही होत नाही. अशा मुलांना ऑडिओबुक पण मनापासून द्या, कानाने घेतलेली कादंबरी कमी दर्जाची नसते.

प्रश्न: मी वास्कोला नोकरी करतो. मुलगा सोळा वर्षांचा, इंग्लिश भरपूर वाचतो, फँटसीच्या सहाशे-सातशे पानांच्या सिरीज दोन दिवसांत संपवतो. पण क्लासिक म्हटलं की "पप्पा, ओल्ड बुक्स आर स्लो". मी त्याला छोटी केलेली आवृत्ती आणून दिली, तीही पडून आहे. आधी सिनेमा दाखवला तर चालेल का, का त्याने पुस्तकाची मजा जाते? आणि सुरुवात कशाने करावी? (एक बाबा, वास्को)

उत्तर: सातशे पानं वाचणाऱ्या मुलाची मला काळजी वाटत नाही, दम आहे त्याच्यात. त्याला फक्त त्या पुस्तकात आपलं काहीतरी दिसायला पाहिजे, आणि तुम्ही गोव्यात राहता म्हणून मला एकच नाव सुचतं.

एखाद्या रविवारी त्याला घेऊन पणजीला जा. मांडवीच्या काठाला जुन्या सचिवालयाच्या बाजूला तो काळा पुतळा आहे ना, दोन्ही हात पुढे केलेला पाद्री आणि समोर कोसळलेली बाई, तो आपण सगळ्यांनी शंभरदा बघितलाय, बसमधून. आबे फारिया. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला आपला माणूस, लहानपणी बापाबरोबर पोर्तुगालला गेला, तिथून रोम, पॅरिस, आणि संमोहनविद्येत त्याचं नाव झालं, १८१९ साली पॅरिसमध्येच वारला. पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलाय. फारियाची ती गोष्टही सांगा मुलाला, पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि शब्द फुटेना, तेव्हा खालून बापाने हळूच कोकणीत म्हटलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी, आणि याची भीती पळाली. अशी आख्यायिका आहे, आजही गोव्यात कुणी घाबरला की म्हणतात कातर रे भाजी.

आणि मग तिथेच उभं राहून सांगा की हा माणूस जगातल्या एका गाजलेल्या कादंबरीत आहे. अलेक्झांडर ड्यूमाची 'द काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्तो', १८४४ ते १८४६ मध्ये पॅरिसच्या वर्तमानपत्रात हप्त्याहप्त्याने छापून आलेली. त्यात एदमों दांतेस नावाचा तरुण खलाशी खोट्या आरोपावरून समुद्रातल्या किल्ल्याच्या तुरुंगात पडतो, वर्षं जातात, जगायची इच्छा संपते, आणि एक दिवस भिंतीआडून खरवडल्याचा आवाज यायला लागतो. पलीकडचा म्हातारा कैदी भुयार खणतोय. हिशेब चुकल्यामुळे तो समुद्राकडे निघायच्या ऐवजी दांतेसच्या कोठडीत निघतो, आणि त्याचं नाव आबे फारिया. ड्यूमाने त्याला इटालियन केलाय, संमोहन वगैरे काही नाही, पण नाव आपल्या कांदोळीच्या पाद्र्याचं.

पुस्तक हजार-बाराशे पानांचं आहे. त्याला म्हणा पहिल्यापासून वाचायची जबरदस्ती नाही, चौदाव्या प्रकरणापासून विसाव्यापर्यंत वाच, तुरुंगाचा मुख्य भाग तेवढाच आहे. दांतेस म्हणजे कैदी नंबर ३४ आणि फारिया नंबर २७. ते वाचून झाल्यावर त्याला मागे काय झालं आणि पुढे सूड कसा घेतला हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही. पुस्तकाचा कॉपीराइट कधीच संपलाय, इंग्लिशमध्ये ते फुकट मिळतं, मोबाईलवर वाचू देत, कागदच पाहिजे असा हट्ट धरू नका. कागदावर पाहिजे असेल तर तिथून पाटोवर मध्यवर्ती ग्रंथालयात जा, १८३२ पासून चालत आलेली संस्था आहे, त्याचं स्वतःचं कार्ड काढून द्या, तुमच्या कार्डावर नको. आणि तो शेल्फांमधून फिरत असताना त्याच्या मागे मागे जाऊ नका.

छोट्या केलेल्या आवृत्तीबद्दल माझं मत जरा कडक आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंत ठीक. सोळाव्या वर्षी नको, कारण त्यात नुसता सांगाडा राहतो आणि मांस जातं. फारियाच्या कोठडीचंच बघा. त्याच्याकडे काहीच नाही आणि त्याने पुस्तक लिहिलंय! कागद नाही तर दोन शर्टांच्या पट्ट्या केल्या, शाई धुराच्या काजळीत रविवारी मिळणारी वाईन घालून केली, आणि लेखणी कशाची तर उपासाच्या दिवशी मिळणाऱ्या माशांच्या डोक्यातल्या कुरकुरीत हाडांची. गोव्यातल्या मुलाने हे वाचलं की तो पुढच्या वेळी ताटातल्या माशाच्या डोक्याकडे वेगळ्या नजरेने बघणार ना? छोट्या आवृत्तीत असलं सगळं आधी कापलं जातं, दोन कैदी भेटले, एकाने दुसऱ्याला शिकवलं, म्हातारा वारला, दीड पानात खलास. मग मुलं म्हणतात यात काय आहे, आणि बरोबरच म्हणतात. म्हणून पूर्ण पुस्तक द्या आणि पानं सोडायची पूर्ण मुभा द्या. सोडायचं काय ते त्याने ठरवू दे, छापणाऱ्याने नको.

सिनेमा आधी बघितला तरी चालेल, पण मी म्हणेन तुरुंगाची प्रकरणं वाचल्यावर बघा, दोघं मिळून. मग तो सिनेमावाल्यांनी काय काय गाळलं यावर तुमच्याशी भांडेल. ते भांडण होऊ द्या, तुम्हीही तोवर पुस्तक वाचलेलं असू दे म्हणजे झालं.

आणि हा मुलगा कधी समुद्रावर जात असेल, गरी घालून बसत असेल, तर मराठीतही त्याला एक पुस्तक आहे, हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं 'एका कोळियाने'. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा आणि होडीपेक्षा लांब मासा. पुस्तक छोटं आहे, इंग्लिश आणि मराठी दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतं, त्यातून मराठी वाचायची सवय पण परत येते.

प्रश्न: ताई मी वाळपईची, आठवीत आहे. मला हॉररच आवडतं. मम्मी म्हणते ते फालतू, काहीतरी चांगलं क्लासिक वाच. क्लासिकमध्ये हॉरर असतं का? पण खरंच भीती वाटली पाहिजे.

उत्तर: असतं ग, आणि तुझ्यासाठीच असल्यासारखं असतं. 'फ्रँकेन्स्टाइन' घे. ते लिहायला सुरुवात केली तेव्हा मेरी शेली अठरा वर्षांची होती, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी. १८१६ चा उन्हाळा, त्याच्या आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेमुळे युरोपात उन्हाळा आलाच नाही, नुसता पाऊस. स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठच्या घरात मेरी आणि तिच्या सोबतची मंडळी अडकून पडलेली, बाहेर जाता येईना, आपल्याकडे जुलैत होतं तसंच. म्हणून कवी बायरन म्हणाला प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची. बाकीच्यांचं काय झालं ते सोड, मेरीची गोष्ट १८१८ साली छापली गेली आणि दोनशे वर्षं लोक वाचतायत.

सुरुवातीला एका जहाजाच्या कप्तानाची पत्रं आहेत, बर्फात अडकलेल्या जहाजाची, ती हळू चालतात. तू सरळ पाचवं प्रकरण काढ, बहुतेक आवृत्त्यांत तिथेच आहे, नोव्हेंबरची रात्र, खिडकीवर पाऊस, मेणबत्ती संपत आलेली, आणि त्या अर्धवट उजेडात माणसाने बनवलेला तो राक्षस डोळे उघडतो. करंट गेल्यावर टॉर्चवर वाच. नंतर मागे जाऊन सुरुवातीचं वाच.

आणि एक गोष्ट सांगते जी सिनेमात सहसा नसते. पुस्तकात त्या राक्षसाला नाव नाही, पण तो बोलतो, फार सुंदर बोलतो. तो बोलायला कुठे शिकला माहिताय? एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, भिंतीच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकून ऐकून. कुणी त्याला शिकवलं नाही, कुणी जवळ घेतलं नाही. तिथे पोचलीस की तुला भीती वाटेल पण ती वेगळीच, त्याच्यासाठी वाटेल.

तुझं इंग्लिश त्यात अडलं तर मम्मीला शेजारी बसव, एक पान तू वाच एक पान तिने. तिचं 'फालतू' म्हणणं किती दिवस टिकतं बघ. आणि वाचून झाल्यावर मला परत लिही, त्यात चूक कुणाची वाटली तुला, त्याची की त्याला बनवून टाकून देणाऱ्याची. माझं मत मी आत्ता सांगत नाही.